राजापूर ते खोडद : रेल्वे आखणाऱ्या कंपन्या आणि प्रदेशाचा हिस्सा



राजापूर नावाचा एक लोकसभा मतदारसंघ महाराष्ट्रात होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो संपला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात मिसळला. १९५७ ते १९७१ बॅरिस्टर नाथ पै, १९७१ ते १९९१ प्रा. मधु दंडवते आणि १९९६ ते २००९ सुरेश प्रभू यांनी या मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले. यांपैकी दोघे पुढे देशाचे रेल्वेमंत्री झाले. नाथ पै कधीच मंत्री झाले नाहीत, पण कोकणात रेल्वे आली पाहिजे हे त्यांनी संसदेत इतक्या वेळा आणि इतक्या तळमळीने मांडले की ती मागणी त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९७१ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा मतदारसंघात रेल्वेचा एक रूळही पडलेला नव्हता.

आजचा विषय या मतदारसंघापासून सुरू होतो, कारण प्रादेशिक रेल्वेमार्गासाठी सरकारी भांडवलाची स्वतंत्र कंपनी काढायची ही कल्पना या किनाऱ्यावर प्रत्यक्षात आली, आणि पाव शतकानंतर तीच कल्पना देशभरातल्या राज्यांसाठी धोरण म्हणून मांडणारा रेल्वेमंत्रीही इथलाच होता.

कोकणात रेल्वे का नव्हती, याचे उत्तर सगळे जण भूगोलात शोधतात. सह्याद्रीचे फाटे समुद्राकडे उतरतात, दर काही मैलांवर खाडी आडवी येते, पावसाळ्यात डोंगर सुटतात. हे सारे खरे असले तरी पुरेसे नाही. इंग्रजांनी बोरघाट आणि थळघाट एकोणिसाव्या शतकातच ओलांडले होते. तिथले डोंगर काही सोपे नव्हते. घाटापलीकडे कापूस होता, बाजारपेठ होती. कोकणातून निघत होती ती माणसे. मुंबईच्या गिरण्यांना, गोदीला, घरांना आणि खानावळींना लागणारी माणसे बोटीने आपली आपण येत होती. माणसे येतच आहेत, तर त्यांच्यासाठी रूळ टाकण्याची घाई कुणाला असणार? १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतरही किनाऱ्याची वाहतूक पुढची कित्येक वर्षे बोटीवर आणि मग एसटीच्या लाल गाडीवर चालत राहिली.

मागणी मात्र थांबली नव्हती. अ. ब. वालावलकरांसारख्या माणसाने तिच्यासाठी आयुष्याची वर्षे घातली. नकाशे, आकडे, निवेदने घेऊन ते दारोदार फिरले. रेल्वे खाते मात्र मुंबईच्या बाजूने तुकड्यातुकड्याने पुढे सरकत होते. साठच्या दशकात दिवा-पनवेल, मग आपटा. दंडवते १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री होते तेव्हा आपटा-रोहा टप्प्याला चालना मिळाली. गाडी रोह्याला पोचली १९८६ मध्ये. या वेगाने ती सावंतवाडीला कधी पोचली असती, याचा हिशेब करायचीही गरज नाही. रेल्वेच्या वार्षिक अर्थसंकल्पात देशभरच्या नव्या मार्गांसाठी थोडे थोडे पैसे ठेवले जात. कुणालाच पुरेसे मिळत नसत, आणि सगळ्यांना काम सुरू असल्याचे समाधान मिळत असे.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार आले आणि एक विलक्षण योग जुळला. रेल्वेमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, जन्माने मंगळूरचे. अर्थमंत्री झाले मधु दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते रामकृष्ण हेगडे, उत्तर कन्नड जिल्ह्याचे सुपुत्र. रेल्वेच्या फायलीवर ज्या तीन टेबलांच्या सह्या लागतात, त्या तिन्ही टेबलांवर एकाच किनाऱ्याची माणसे बसली होती. हे सरकार वर्षभरही टिकले नाही. पण तेवढ्या अवधीत त्यांनी नुसता मार्ग मंजूर केला असता, तर पुढच्या सरकारने तो अर्थसंकल्पाच्या रांगेत उभा केला असता. म्हणून त्यांनी कंपनी काढली.

कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची नोंदणी १९ जुलै १९९० ची. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोव्याचा आणि केरळचा प्रत्येकी ६. यातला केरळचा वाटा लक्ष देण्याजोगा आहे. रोह्यापासून सुरू होणारा हा मार्ग मंगळूरजवळ ठोकूरला संपतो. केरळच्या हद्दीत त्याचा एक किलोमीटरही नाही. तरीही केरळने पैसे दिले, कारण मुंबईला नोकरीसाठी येणारा मल्याळी माणूस तोवर कितीतरी लांबचा वळसा घालत होता. आपल्या हद्दीबाहेरच्या रुळासाठी पैसे मोजणारे राज्य ही भारताच्या संघराज्यात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिची व्हावी तेवढी वाखाणणी कधी झालेली नाही.

भागभांडवल हा खर्चाचा लहान भाग होता. उरलेला मोठा पैसा करमुक्त रोखे विकून बाजारातून उभा राहिला. मार्ग बांधायचा, चालवायचा, मिळकतीतून कर्ज फेडायचे आणि शेवटी तो भारतीय रेल्वेच्या हवाली करायचा, असा मूळ आराखडा. प्रमुख म्हणून आले ई. श्रीधरन, रेल्वे बोर्डातून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना पाच वर्षांचे उद्दिष्ट दिले होते. प्रत्यक्षात सात-साडेसात वर्षे लागली. सुमारे ७४० किलोमीटर, नव्वदाहून अधिक बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या घरात पूल. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा; पीर पंजाल होईपर्यंत देशातला तो सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. होन्नावरला शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरहून लांब.

कठीण कातळ फोडणे हे कामाचे अवघड अंग नव्हतेच. सुरुंगाला कातळ दाद देतो. खरी कसोटी लागली ती मऊ मातीच्या नऊ बोगद्यांत. वर जांभा, खाली ओली चिकणमाती, आणि आत शिरले की चिखल खणण्याच्या वेगाने परत भरून येणार. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने तर सगळ्या मार्गाला ताटकळत ठेवले. इतरत्र रूळ पडून गाड्या धावू लागल्या होत्या आणि पेडण्यात पुन्हा पुन्हा छत कोसळत होते. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग सलग झाला तोवर सत्तरहून अधिक कामगारांचा जीव गेला होता. त्यांतले पुष्कळसे दूरच्या राज्यांतून आलेले मजूर होते. कोकण रेल्वेची गाथा सांगताना श्रीधरन यांचे नाव आधी घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण ही गाथा त्या मजुरांचीही आहे, आणि व्यासपीठावरून ते म्हटले गेले पाहिजे.

कंपनी असल्यामुळे नेमके काय साधले? निर्णय बेलापूरच्या कार्यालयात होत, दिल्लीला फाइल पाठवून वाट पाहावी लागत नसे. कंत्राटदाराचे बिल रेंगाळत नसे. जमीन घ्यायला अधिकारी गावात जाऊन बसत. पैसा रोख्यांचा असल्यामुळे उशीर झाला की व्याज चढते, ही जाणीव प्रत्येक साहेबाला होती. सरकारी खात्यात उशिराची किंमत कुणाच्याच वहीत लिहिली जात नाही. इथे ती दर महिन्याला लिहिली जात होती. प्रादेशिक मार्गासाठी वेगळी कंपनी काढण्याच्या बाजूने यापेक्षा बळकट युक्तिवाद नाही.

आता दुसरी बाजू.

गोव्यात या आखणीला मोठा विरोध झाला. मार्ग किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून, मांडवी-झुआरीच्या खाड्यांवरून आणि खाजणांतून जात होता. खाजण म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. शतकानुशतके गावांनी मिळून सांभाळलेली. भराव टाकला तर पाण्याच्या वाटा बदलतील, म्हणून मार्ग आतल्या बाजूने न्या, असे विरोधकांचे म्हणणे होते. गोवा फाउंडेशन ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. रेल्वे कायद्याने दिलेले बांधकामाचे अधिकार व्यापक आहेत, असा त्या निकालाचा आधार होता. आंदोलन थांबले नाही. १९९३ मध्ये केंद्राने गोव्यातले काम काही महिने थांबवले, न्यायमूर्ती ओझा यांचा एकसदस्य आयोग नेमला, आणि अखेर मार्ग जवळजवळ आखला होता तसाच गेला.

त्या वेळी वृत्तपत्रांतून ‘विकासाचे शत्रू’ असे शब्द फेकले गेले. आज मागे वळून पाहताना विरोधकांचे सगळे म्हणणे बरोबर होते असे म्हणता येणार नाही. रेल्वेने गोव्याचे भलेही केले. पण त्यांचा मूळ प्रश्न रास्त होता. आखणी ठरवताना कोणते पर्याय तपासले, ते का नाकारले, हे जमिनीच्या मालकाला आधी का सांगितले नाही? आयोग नेमला तो काम अर्ध्यावर आल्यावर. तोवर भराव पडलेला, खांब उभे, व्याज चालू. अशा वेळी आयोगाला मोकळ्या मनाने कौल देणे कठीणच. कंपनीची जी घाई रत्नागिरीत गुण ठरली, तीच गोव्यात लोकांचे ऐकून घेण्याच्या आड आली.

मार्ग पुरा झाल्यावर कर्जाने आपले खरे रूप दाखवले. एकूण खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला होता आणि त्यावरचे व्याज एकेरी मार्गाच्या मिळकतीतून फिटणारे नव्हते. मग उपाय काय, तर भाडे आकारताना अंतर वाढवून धरायचे. प्रवाशांसाठी चाळीस टक्के, मालासाठी त्याहूनही जास्त. म्हणजे शंभर किलोमीटर गेलेल्या प्रवाशाने एकशे चाळीस किलोमीटरचे भाडे भरायचे. देशात इतरत्र रेल्वेमार्ग सरकारी तिजोरीतून झाले आणि त्यांचा भार सगळ्या देशाने उचलला. कोकणातल्या माणसाने आपल्या रेल्वेची किंमत गणपतीला गावी जातानाच्या प्रत्येक तिकिटात स्वतः मोजली, आणि आपण काय मोजतो आहोत हे बहुतेकांना कधी कळलेही नाही.

कंपनी तरली ती कल्पकतेने. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णे मालट्रक रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून न्यायची रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक घाटवळणांच्या महामार्गावरून उतरून रुळावर आले, डिझेल वाचले, अपघात टळले. ही या कंपनीची सर्वांत सुंदर कल्पना. गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षाकवच’ यंत्र तिने विकसित केले. मडगावला स्कायबसची, म्हणजे उंचावरच्या रुळाला लटकून धावणाऱ्या गाडीची, चाचणी केली. सप्टेंबर २००४ मध्ये त्या चाचणीत अपघात होऊन एकाचा जीव गेला आणि तो प्रयोग संपला. पुढे केंद्राने दिलेल्या कर्जाचे अग्रहक्क भागांत रूपांतर करून ताळेबंद सावरला. आणि कंपनी आपले अभियंते घेऊन देशभर बाहेरची कामे घेऊ लागली. जून २०२५ मध्ये खुला झालेला, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल कोकण रेल्वेच्याच देखरेखीखाली झाला. खेड-चिपळूणच्या दरडींत शिकलेले अभियंते काश्मीरच्या डोंगरात उपयोगी पडले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण घरच्या दरडींचे काय? २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीवर कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी आदळली. पन्नासहून अधिक माणसे दगावली. वर्ष पुरे व्हायच्या आत, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस दगडांमुळेच घसरली आणि पुन्हा माणसे गेली. त्यानंतर कंपनीने उतार कापले, जाळ्या बसवल्या, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक लावले, गस्त वाढवली. त्या पद्धतीने शेकडो जीव वाचवले असतील. मुसळधार पावसात, अंधारात, हातात दिवा घेऊन कापणीतून चालणारा गस्तीवाला हा या मार्गाचा खरा रक्षक आहे. तरीही डोंगर संपलेला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात चिखलपाणी शिरून वाहतूक थांबली आणि काही दिवसांतच खेडजवळ दरड येऊन पुन्हा खोळंबा झाला. डोंगर पुरता स्थिर करायला जो पैसा लागतो तो कर्ज फेडणाऱ्या कंपनीकडे शिल्लक राहत नाही. दुपदरीकरण रोहा ते वीर या छोट्या टप्प्यापलीकडे गेलेले नाही. विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. काही स्थानकांची दर्शनी बाजू सुधारायची तर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याला पुढे व्हावे लागले.

आणि सर्वांत दुखरा भाग. महाराष्ट्राचा वाटा २२ टक्के, जवळजवळ निम्मा मार्ग महाराष्ट्रातून जातो, आणि तरी कोकणातल्या प्रवाशाला गाडी मागायला दरवर्षी हात जोडावे लागतात. दादरहून रत्नागिरीला जाणारी पॅसेंजर कोरोनाच्या साथीनंतर दिव्यापासून सुटू लागली. वसई-विरारच्या, लालबाग-परळच्या चाकरमान्याने सामानसुमान, म्हातारी माणसे आणि पोरे घेऊन आधी दिवा गाठायचे. सावंतवाडी टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले आणि टर्मिनसची मागणी आजही आंदोलनाचा विषय आहे. राजापूर रोड स्थानक राजापूर शहरापासून इतके दूर आहे की रेल्वेच्या भाड्याएवढेच पैसे रिक्षाला पडतात, असे तिथले लोक सांगतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या मुलांना नोकरीत प्राधान्य देण्याचे ठरले होते. त्या प्राधान्यासाठीची उपोषणे तिसऱ्या दशकातही संपलेली नाहीत.

हे कुणाच्या दुष्टपणाने झालेले नाही. संचालक मंडळावर राज्याचा प्रतिनिधी असतो, पण तो अधिकारी असतो. त्याची बदली होते, आणि त्याच्या टेबलावर इतर पन्नास विषय असतात. भाग राज्याच्या नावावर, गाड्यांचे वेळापत्रक रेल्वे बोर्डाच्या हातात, कर्ज कंपनीच्या डोक्यावर आणि प्रवासी फलाटावर. या चौघांना एकत्र बसवणारी जागाच कंपनीच्या घटनेत ठेवलेली नाही. प्रस्तुत वक्त्याला कोकण रेल्वेच्या सगळ्या कथेत हीच उणीव मुळाशी दिसते.

ही उणीव ओळखण्याची संधी २०१६ मध्ये आली होती. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. राज्य सरकारे आणि रेल्वे मंत्रालय यांनी मिळून कंपन्या काढाव्यात, आपल्या प्रदेशातले मार्ग त्यांनी स्वतः निवडावेत, पैसा उभा करावा, असे धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केले. कोकणाने एकदाच, योगायोगाने, मिळवलेली गोष्ट प्रत्येक राज्याला हक्काने मिळावी, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात त्यातून निम्म्या-निम्म्या भागीदारीची महाराष्ट्र रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे महारेल, उभी राहिली. केरळमध्ये के-रेल, हरियाणात तिथली कंपनी, असे करत अनेक राज्यांनी हा मार्ग धरला.

महारेलचे मोठे स्वप्न पुणे-नाशिक. दोन्ही शहरे महाराष्ट्राच्या उद्योगाचे खांब, दोहोंच्या मधे चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर अशा भाजीपाल्याच्या आणि कारखान्यांच्या पेठा, आणि थेट रेल्वे नाही. पुण्याहून नाशिकला गाडीने जायचे तर कल्याणचा वळसा. सुमारे २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाचा दुहेरी मार्ग, पावणेदोन तासांचा प्रवास, खर्च १६ हजार कोटींहून थोडा जास्त. त्यात राज्याचा पाचवा हिस्सा, रेल्वेचा पाचवा आणि उरलेला मुख्यतः कर्जाचा, असा आराखडा झाला. नारळ फुटले, मोजणी झाली, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांत काही शेतकऱ्यांनी थेट खरेदीखताने जमिनी दिल्या.

आणि मग खोडदचा प्रश्न पुढे आला.

नारायणगावपासून जवळच खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मधोमध, काही पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली कारण डोंगरांच्या आडोशाने इथे मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे निरीक्षणाला वेळ मागतात. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की विजेवर धावणाऱ्या गाडीच्या वरच्या तारेतल्या ठिणग्याही त्यांना झाकोळू शकतात. दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथे उभी आहे. महामार्गावरून जाणाऱ्यालाही तिच्या तबकड्या दिसतात. तरीही मार्ग आखला, गाजला, जमिनी खरेदी झाल्या आणि बऱ्याच काळाने रेल्वे मंत्रालयाने दुर्बिणीच्या कारणास्तव ही आखणी शक्य नाही असे जाहीर केले. आता मार्ग शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूने नेण्याचा प्रस्ताव आहे. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आहे. जुना मार्ग दुर्बिणीला वळसा घालून न्या, असे त्यांचे म्हणणे आहे.

दुर्बीण की रेल्वे, असा वाद घालणे चुकीचे होईल. दोन्ही महाराष्ट्राला हव्या आहेत, आणि दुर्बीण हलवता येत नाही. प्रश्न आखणीच्या क्रमाचा आहे. सविस्तर प्रकल्प अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवा होता तो आक्षेप सात-बारावर नावे बदलल्यानंतर आला. ज्या शेतकऱ्याने बागायती जमीन दिली त्याच्या हातात पैसे आले, हे खरे. पण जमीन गेली, मार्गही गेला, आणि शेजाऱ्याच्या सात-बाऱ्यावर मार्ग येणार की नाही हे कुणी सांगत नाही, म्हणून तो शेजारी ना विहीर खणू शकतो ना पोराचे लग्न ठरवताना जमिनीचा हिशेब सांगू शकतो.

केरळची कथा याहून कडवट. के-रेलने तिरुवनंतपुरम ते कासरगोड सुमारे ५३० किलोमीटरचा ‘सिल्व्हरलाइन’ मार्ग आखला. ६४ हजार कोटींचा अंदाज, चार तासांत राज्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. २०२१-२२ मध्ये घराघरांच्या अंगणात पिवळे मोजणीचे दगड रोवले जाऊ लागले आणि लोकांनी ते उपटायला सुरुवात केली. बायाबापड्या रस्त्यावर बसल्या, पोलिसांनी त्यांना फरफटत नेले. कोकण रेल्वे उभी करणाऱ्या श्रीधरन यांनीही त्या आराखड्याला जाहीर विरोध केला. अखेर २०२२ च्या शेवटी राज्याने मोजणीसाठी नेमलेले कर्मचारी मागे बोलावले.

महारेलला दोष देऊन भागणार नाही, हे सांगणे इथे आवश्यक आहे. या कंपनीने राज्यात ठिकठिकाणी रेल्वे फाटकांच्या जागी उड्डाणपूल बांधले. मुंबईत रे रोडचा केबल-स्टेड पूल तिने उभा केला. फाटकावर ताटकळणाऱ्या रुग्णवाहिकेला, शाळेच्या बसला त्याचे मोल विचारावे. हे काम चोख झाले. पण नवे मार्ग आखण्यासाठी काढलेली कंपनी पुलांमध्ये रमली, याचे कारणही समजून घेतले पाहिजे. पुलाला जागा ठरलेली असते, पैसा ठरलेला असतो. नव्या मार्गाला मात्र शेवटची सही दिल्लीचीच लागते. १९९० मध्ये ती सही करणारे तिघे जण किनाऱ्याचे होते म्हणून कोकण रेल्वे झाली. धोरण म्हणून कंपन्या निघाल्या, पण सहीचा अधिकार जिथल्या तिथेच राहिला. २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात आलेला कोल्हापूर-वैभववाडी मार्ग १०७ किलोमीटरचा. घाटमाथा आणि किनारा जोडणारा, साखर, कांदा, मासळी आणि बंदरांचा माल दोन्ही बाजूंनी हलवू शकणारा. त्याची वाट पाहताना एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. चिपळूण-कराड मार्गासाठी भागीदार शोधला गेला आणि तोही मार्ग कागदावरच राहिला.

श्रोतेहो, २०२५ मध्ये महाराष्ट्राने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी ती आधीच दिली होती. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने गुंतवलेली रक्कम परत मिळावी, अशा अटी महाराष्ट्राने घातल्या. विलीनीकरणाचा निर्णय योग्य आहे. दुपदरीकरण आणि डोंगर स्थिर करण्याचा खर्च कर्जबाजारी कंपनीने प्रवाशांच्या खिशातून काढावा, हे यापुढे चालवून घेता कामा नये. पण नाव आणि रक्कम एवढ्यावर महाराष्ट्राने समाधान मानणे हे या प्रदेशावर अन्याय करणारे आहे. पस्तीस वर्षे भागधारक असलेल्या राज्याने वाढीव अंतराचे भाडे रद्द करण्याची तारीख लेखी मागायला हवी होती. मुंबईच्या आतपर्यंत येणारी रत्नागिरीची पॅसेंजर, पुरे झालेले सावंतवाडी टर्मिनस, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा शेवटचा हिशेब, दरडप्रवण कापण्यांसाठी राखीव निधी, हे करारात लिहून घ्यायला हवे होते. एकदा भाग सोडले की मागणी करणारा भागधारक उरत नाही, अर्जदार उरतो. प्रत्यक्ष विलीनीकरणाचे कागद पुरे होईपर्यंत ही मागणी करायला वेळ आहे, आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या आमदार-खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून ती करावी.

महारेल आणि तिच्यासारख्या कंपन्यांपुढेही दोन साध्या गोष्टी ठेवाव्यात. आखणीचे जे पर्याय तपासले ते, आणि प्रत्येक संस्थेने घेतलेले आक्षेप, पहिल्या गुंठ्याचे खरेदीखत होण्याआधी ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागले पाहिजेत. तसे झाले असते तर खोडदचा प्रश्न गावकऱ्यांनीच पहिल्या महिन्यात सांगितला असता. त्यांना तबकड्या रोज दिसतात. आणि मार्ग चालू झाल्यावर कंपनीच्या संचालक मंडळावर अधिकाऱ्याबरोबर प्रवाशांचा आणि जमीन देणाऱ्यांचा निवडून आलेला प्रतिनिधी बसला पाहिजे, मताच्या अधिकारासह.

पुणे-नाशिक मार्गाची नवी मोजणी कोणत्या तालुक्यांतून होईल ते लवकरच ठरेल. मोजणीदार दारात आला की त्याला चहा पाजावा, मोजणीला अडवू नये. पण आखणीचा नकाशा आणि आक्षेपांची यादी पाहिल्याशिवाय कुणीही संमतीपत्रावर सही करू नये, एवढी विनंती त्या गावांतल्या शेतकऱ्यांना या व्यासपीठावरून आहे.